अक्का, कारल्याला ते पाणी मी घातलं नाही

अक्का, तुमचं शेवटचं सांगणं मी मोडलं. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागून. लांबण लावलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. कुणी बोलायला सुरुवात केली की "मुद्द्यावर ये बाई, गॅसवर दूध हाय," म्हणायच्या. मग गॅसवर दूध असो की नसो. तर मुद्दा हा, की कारल्याला ड्रमचं पाणी मी घातलं नाही, कुणाला घालू दिलं नाही, आणि त्याचं मला बिलकुल वाईट वाटत नाही.

जालन्याच्या दवाखान्यात तुमच्या नाकात नळी होती, शब्दाशब्दाला धाप लागत होती. मला वाटलं, आता लेकाचं, दिनेशचं नाव घेतील, नाहीतर माझ्या स्वाधीन काहीतरी करतील. तुम्ही माझं मनगट धरलं आणि म्हणल्या, "इंदू, कारल्याला ड्रमातलं पाणी घालत जा. रोज. वाया घालू नको." मी हो म्हणले. त्यानंतर तुम्ही कुणाशीच काही बोलल्या नाहीत. लोक जाताना रामाचं नाव घेतात, तुम्ही ड्रमाचं घेतलं. दवाखान्याच्या जिन्यात मला आधी हसू फुटलं आणि मंग असं रडू आलं की एका अनोळखी बाईनं मला धरून पायरीवर बसवलं.

खरं तर तुम्ही "इंदू" म्हणल्या तिथंच मला कळायला हवं होतं. एरवी मी "मास्तरीणबाई". गावातल्या जावा अगं-तुगं करत भांडतात. मी जन्मभर तुम्हाला "अहो अक्का" म्हणत भांडले आणि तुम्ही मला "मास्तरीणबाई" म्हणत. माझं नाव तुमच्या तोंडी फार क्वचित यायचं, लेकरू आजारी असलं किंवा कुणी गेलं तरच.

तुम्ही थोरल्या, मी धाकटी. लग्न होऊन वाटूरला आले ती डी.एड. झालेली, हातात पर्स, पायात उंच टाचेच्या चपला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तरीण हाय म्हणे. भाकर येती का?" आणि पहिल्याच जेवणाला पानात काय वाढलं, तर पांढरं कारलं. मी तसलं कारलं कधी पाहिलंच नव्हतं, मला वाटलं पडवळ असेल. पहिल्या घासाला डोळ्यात पाणी. तुम्ही पदराआड हसत होत्या. मीही हट्टाची, घोटभर पाणी न पिता सगळं संपवलं आणि म्हणले, "अजून वाढा." तुम्ही वाढलं, आणि सासूबाईंकडं वळून म्हणल्या, "ही टिकती." पुढं शाळेत कितीतरी साहेबांनी माझ्या कामावर चांगले शेरे मारले, पण त्या दोन शब्दांची सर कशालाच आली नाही.

घर वाटलं गेलं तेव्हा खोल्या वाटल्या, भांडी वाटली, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटले. मागची परसबाग तेवढी राहिली. आमचे हे म्हणले, मधून भिंत घालू. तुम्ही दिराला विचारलं, "मंग वेल कुणाच्या बाजूनं चढवायचा ते भिंतीला इचारू का?" भिंतीचं तिथंच राहिलं. नंतर भाऊजी गेले, दिनेश पुण्याला नोकरीला लागला, मी रिटायर झाले, आणि आपल्या दोघींना भांडायला दिवसभराची सवड मिळाली. देवानं म्हातारपणी एवढं सुख कुणाला दिलं नसेल.

त्या पांढऱ्या कारल्याचं बी तुमच्या आईनं ओटीत घातलेलं. तुमचं माहेर धावडा, पार भोकरदनच्या टोकाला; तिथून या टोकाला वाटूरला तुम्ही आल्या आणि गाठीत ते बी आलं. दर साली एक कारलं वेलावरच पिकू द्यायचं, केशरी होऊन उकललं की आतलं लाल बी काढायचं, राखेत घोळून डब्यात ठेवायचं. धावड्यात आता ते कुणाकडं उरलेलं नाही. तुमच्या भाच्याला फोन करून मागितलं तर त्यानं बाजारातलं पाकीट पाठवून दिलं, वर चित्र हिरव्या कारल्याचं. तुम्ही ते पाकीट हातात घेऊन इतका वेळ बसल्या की मला भाच्याला दोन शिव्या द्याव्याशा वाटल्या.

कारल्यावरून आपलं कायमचं भांडण एकच. मी चिरून मीठ लावायचे, सुटलेलं पाणी पिळून टाकायचे, मंग फोडणीला. तुम्ही पिळायच्या नाहीत. "कडूपणा फेकून द्यायचा तर कारलं लावायचं काहून? दुधी लाव." मी म्हणायचे, "अहो अक्का, माणसांना खायचंय ते." तुम्ही म्हणायच्या, "कारलं तुपात तळा, साखरंत घोळा, कडू ते कडूच. मंग तुपाचा अन् साखरंचा खर्चा तरी वाचव." आणि ते पिळलेलं पाणीसुद्धा तुम्ही मोरीत जाऊ द्यायच्या नाहीत, वाटीत धरून पिऊन टाकायच्या, तोंड वाकडं न करता.

कारण पाणी फेकणं हे तुमच्या लेखी पाप होतं. आपल्या इकडं उन्हाळ्यात पाण्याचं जे होतं ते होतं, पण तुमच्याइतकं कुणी मनावर घेतलं नसेल. तांदळाचं धुवण तुळशीला, भांडी विसळलेलं केळीला, अंघोळीचं पाणी नाली काढून लिंबाला. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब चहाला आपल्या घरी आले. अर्धा ग्लास पाणी प्यायले, अर्धा ठेवला. तुम्ही त्यांच्या देखत तो ग्लास उचलला, कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि म्हणल्या, "साहेब, तुमच्या नावानं वाढल." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. साहेब मात्र खूष झाले, जाताना कढीपत्ता घेऊन गेले.

मंग तुम्हाला मुतखडा झाला आणि दिनेशनं पुण्याहून येऊन फिल्टर बसवला. नळाचा भरवसा नाही, म्हणून प्यायला आपल्या बोअरचं पाणी; ते जड, पातेल्याला पांढरे थर धरणारं. ते या यंत्रातून गोड होऊन यायचं. तुम्ही पहिला ग्लास पिऊन म्हणल्या, "आडाच्या पाण्यासारखं लागतंय." दिनेशचा चेहरा फुलला. पण तुमची नजर लगेच मोरीकडं गेली. फिल्टरची दुसरी एक नळी तिथं सोडलेली होती, आणि जेवढं गोड पाणी हंड्यात पडत होतं त्याच्याहून जास्त पाणी त्या नळीतून वाहून जात होतं. "हे काय रे? निम्म्याच्या वर फेकून राह्यलं की हे!" दिनेशनं समजावलं, ते यंत्राला नको असलेलं पाणी असतं. तुम्ही म्हणल्या, "यंत्राला नको, मला हवंय."

दुसऱ्या दिवशी आष्टीच्या बाजारातून निळा ड्रम आला. नळी मोरीतून काढून खिडकीतून परसात, ड्रममध्ये. डब्यानं काढायचं, आळ्यात घालायचं. तुम्ही गल्लीतल्या बायांना बोलावून दाखवलं. मी मास्तरीण, मीसुद्धा म्हणले, "वा अक्का, काय डोकं चालवलं!" आपलं पाहून शेजारच्या नसीमभाभीही ड्रम घेणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या घरचा फिल्टरच बिघडला. त्यांचं नशीब.

त्या उन्हाळ्यापासून आपल्या बागेची कळा गेली. गेल्या साली वाटलं, ऊनच फार. वेल कमरेएवढे होऊन बसले, कारली बोटाएवढी. एक कसंबसं पिकलं, त्यातलं मूठभर बी तुम्ही डब्यात ठेवलं. यंदा रथसप्तमी झाली आणि तुम्ही सगळंच्या सगळं बी भिजत घातलं. मी म्हणले, "अहो अक्का, अर्धं ठेवा. सगळं गेलं तर?" तुम्ही म्हणल्या, "बी काय डब्यात उगवतंय का?" मी म्हणले, "डब्यात मरत तरी नाही." तुम्ही म्हणल्या, "मास्तरीणबाई, डब्यात पण मरतंय, फक्त दिसत न्हाई." सगळं लावलं. तारेच्या मांडवाखाली ओळीनं आळी केली, आणि एक बी उरलं ते पुढं फाटकापाशी टोचलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे म्हणून.

उगवलं. दोन पानं आली आणि तिसऱ्याला जणू पंचांग पाहत बसली. भेंडीचं तेच. दोडक्याच्या पानांच्या कडा अशा करपल्या की इस्त्रीचा चटका बसावा. मंग आपलं निदान सुरू झालं. मी म्हणले, थंडी आहे, माती गार आहे, या वेलांना ऊब लागते. शिवरात्र होऊ द्या, थंडी शिव शिव करत जाईल, मंग बघा कसे धावतात. तुम्ही म्हणल्या, पाणी कमी पडतंय, आणि एकाचे दोन डबे केले. तुमचे दीर म्हणले, लिंबाची सावली. या वयात लिंबावर चढून फांदी तोडली, खाली उतरताना धोतर फाडून घेतलं. ऊन आलं, पण वेल हलले नाहीत. शेणखत घातलं. ताक शिंपडलं. राख टाकली. शेवटी तुम्ही ठरवलं की नजर लागली, आणि मांडवाला चप्पल टांगली. तीही माझी. चांगली होती ती चप्पल, अक्का.

मी एकदा म्हणले होते, पाण्यात तर काही नसेल? तुम्ही मला हाताला धरून पालकाच्या वाफ्यापाशी नेलं. पालक हिरवागार, पंजाएवढी पानं. "हेच पाणी, हीच माती. पाण्यात खोट असती तर ह्यो आला असता का?" पालकानं आपल्या दोघींना फसवलं बघा. तो असलं पाणी मुकाट्यानं सोसतो, हे मला मागून कळलं.

शिवरात्र झाली, थंडी गेली, वेल तसेच. त्याच आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं. पुढचं मी लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि मला पुन्हा आठवायचं नाही.

सुतकाच्या दिवसांत दार माणसांनी भरलेलं. भेटायला येणाऱ्याला पाय धुवायला पाणी लागतं, म्हणून नसीमभाभींनी आपल्या घरचं नळाचं पाणी भरून मोठं पातेलं फाटकापाशी ठेवलं. रिकामं झालं की पुन्हा भरायच्या. मला म्हणल्या, "तुमी बसा, आपाचं येवढं काम मला करू द्या." तुम्हाला त्या आपा म्हणायच्या, तुम्ही त्यांना शेवया वळायला शिकवलं आणि त्यांनी तुम्हाला शीरखुर्मा, त्यात कोण जास्त शिकलं यावर तुमचा वाद होता. असू द्या. इकडं मागं परसात दिनेश रोज सकाळी उठून ड्रमचं पाणी डब्यानं काढायचा आणि एकेका आळ्यात घालायचा. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. आईनं शेवटी सांगितलेलं तेवढंच होतं ना. मी खिडकीतून पाहायचे आणि मला भरून यायचं. पोरगा पुण्यात कुंडीला पाणी घालत नसेल.

तेराव्याच्या पानाला कारलं लागतं. परसात कारल्याचे एवढे वेल, आणि तुमच्या पानासाठी मला बाजारातलं हिरवं कारलं आणावं लागलं. मनात म्हणले, अक्का आत्ता उठून बसतील. चिरलं, सवयीनं मीठ लावलं, ताट बाजूला ठेवलं आणि भाताकडं वळले. परत पाहते तर ताटात पाणीच पाणी, फोडी मऊ पडून सुकल्यागत झालेल्या. हे काय मी पहिल्यांदा पाहत होते? हजारदा पाहिलंय. तेवढ्यात नसीमभाभी पातेलं घेऊन आत आल्या आणि म्हणल्या, "भाभी, फाटकाजवळचं करेलं पाह्यलं का? जल्दी-जल्दी वर चढून राह्यलं."

मी तशीच ओल्या हातानं फाटकाशी गेले. अक्का, तो वेल तुमच्या परसातल्या वेलांचा सख्खा भाऊ, त्याच मुठीतलं बी. हा फाटकाच्या गजाला धरून माझ्या कमरेपर्यंत आला होता, पानं पोपटी, तणावे इकडंतिकडं हात टाकत. लोकांनी त्याच्या मुळाशी पाय धुतले होते, दुसरं काहीच कुणी केलं नव्हतं; ड्रमचा डबा तिथवर पोचतच नव्हता. मी पळत मागं गेले. आळ्यांच्या मातीवर पांढरी पापडी धरली होती. रोज डोळ्यासमोर होती ती. तुम्ही राख समजत होत्या, मी ताकाचे डाग. नखानं काढून जिभेवर ठेवली. मंग ड्रममध्ये ओंजळ घातली आणि तोंडात घेतलं.

खारट. थुंकून टाकावं असं खारट.

यंत्र बोअरच्या पाण्यातला क्षार काढून आपल्याला गोड पाणी देत होतं, आणि काढलेला सगळा क्षार दुसऱ्या नळीनं बाहेर टाकत होतं. तो आपण साठवून, जपून, थेंब न सांडता वेलांच्या मुळाशी घालत होतो. मिठानं कारल्याच्या फोडीतून पाणी ओढलं, तसं या मातीनं मुळांच्या तोंडचं पाणी ओढलं. पाण्यात उभे राहून तहानलेले होते ते. आणि आपण म्हणत होतो, पाणी कमी पडतंय, अजून एक डबा घाला. पाणी फेकवत असतं तर वाचले असते. पण फेकणारी माणसं आपण नव्हतो, आणि तुम्ही तर नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेश डबा घेऊन निघाला तेव्हा मी ड्रमपुढं जाऊन उभी राहिले. "हे पाणी घालायचं नाही." तो म्हणाला, "काकू, आईचं शेवटचं सांगणं आहे." मी म्हणले, "माहीत आहे, मलाच सांगितलंय." तुमचे दीर ओट्यावरून ओरडले, "अगं, मेलेल्या माणसाचा शब्द हाय, मोडू नको. काय होतंय डबाभर पाण्यानं?" दिनेश डबा सोडेना. तुमच्याकडचं त्याच्यापाशी काय उरलं होतं, तर ती एक आज्ञा, आणि मी तीही काढून घेत होते. क्षणभर मलाच वाटलं, घालू द्यावं पोराला, दोन दिवसांत पुण्याला जाईल, मंग बघू. पण मांडवाखाली तिसऱ्या पानासाठी अडलेली ती एवढीशी रोपं दिसत होती. डब्यात बी नव्हतं. धावड्यात बी नव्हतं. होतं ते एवढंच होतं.

मी म्हणले, "दिन्या, एक घोट पी." त्यानं प्यायलं आणि तोंड फिरवलं. मंग त्याला फाटकाशी नेलं, वेल दाखवला. पोरगा शहाणा आहे, फार सांगावं लागलं नाही. तिथंच वेलापाशी बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी फिल्टर बसवला म्हणून—" मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. चांगलं दटावलं. म्हणले, "तुझ्या फिल्टरनं तिला शेवटपर्यंत गोड पाणी दिलं, एकदाही पुन्हा खडा झाला नाही. यंत्रानं यंत्राचं काम केलं, आईनं आईचं. ऊठ, नळाला पाणी आलंय, पाईप लाव." ओट्यावरून तुमचे दीर म्हणले, "मंग ड्रमचं पाणी आता फेकणार का?" मी म्हणले, "फेकायची काय बिशाद आहे माझी!"

म्हणून ऐका, काय केलं ते. ड्रम जागेवरच आहे. त्या पाण्यानं आता फरशी पुसतो, संडासात टाकतो, तुमच्या दिराची स्कूटर धुतो. स्कूटर एवढी स्वच्छ कधी नव्हती. आळ्यांवरची पापडी खरवडून काढली. मांडवाला लागून चर खणला, आणि नळ येईल त्या दिवशी आळी तुडुंब भरून सोडली, क्षार खाली जाऊन चरात निथळावा म्हणून. आपली काळी माती, सहजासहजी सोडते थोडीच! पहिल्या वेळी डबकं झालं आणि मला वाटलं बुडवलीच मी. काडीनं उकरून माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं, वर गव्हाचं काड पसरलं. नळ येत नाही त्या दिवशी नसीमभाभींच्या घरून कळशी. निम्म्या आळ्यांतली रोपं गेली ती गेलीच, तुम्हाला खोटं सांगत नाही. उरली त्यांनी पाडव्याच्या सुमारास तिसरं पान काढलं. मी त्या पानाला हात लावून पाहिला आणि घरात येऊन तुमच्या फोटोपुढं म्हणले, "बघा!" कसलं बघा, कुणाला बघा. पण म्हणले.

तुम्ही असत्या तर मानलं नसतं, एवढं मला पक्कं माहीत आहे. "पालक कसा आला मंग?" हेच धरून बसल्या असत्या. मी पालकाचं समजावलं असतं, तुम्ही म्हणल्या असत्या, "कारलं नाजूक झालंय, जुन्या कारल्यानं पचवलं असतं." आणि दोन दिवसांनी, मी शेजारी गेलेली पाहून, गुपचूप वेलाला नळाचं पाणी घातलं असतं. हार मानायची तुमची तीच पद्धत होती. ती पाहायला मी काय वाटेल ते दिलं असतं. जिंकले, पण समोर कुणी नाही. असली जिंकण्याची मजा नाही अक्का.

आणि एक गोष्ट तुम्हीच बरोबर होत्या, ती कबूल करते. सगळं बी लावू नका म्हणले होते मी. माझं ऐकून अर्धं डब्यात ठेवलं असतं, तर फाटकापाशी टोचायला उरलं नसतं. फाटकापाशी वेल नसता तर मला काहीच कळलं नसतं. पुढच्या साली तेही अर्धं त्याच पाण्यात लावलं असतं आपण. म्हणजे मी जपून ठेवलेलंही मेलं असतं, फक्त दिसलं नसतं.

दुसरं एक. कारलं. तुमची न पिळलेली भाजीच बरी लागायची. माझी नुसती मऊ व्हायची, चव सगळी तुमच्या वाटीत. हे मला पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं, पण एकदा पिळायला लागले ते लागले. तुमच्यापुढं माघार घेतली असती तर मंग भांडायला काय उरलं असतं? फाटकावरच्या वेलाचं पहिलं कारलं मागल्या आठवड्यात तोडलं. पांढरं, टपोरं. मीठ लावलं नाही, पिळलं नाही. तुमच्या दिरांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणले, "वहिनीची झाली." मंग दोघंही खाली मान घालून जेवलो.

आज अक्षय्य तृतीया. धावड्याकडं तुम्ही आखाजी म्हणायच्या. गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरायची, हे दर साली तुम्ही करायच्या, सासू-सासऱ्यांच्या नावानं, भाऊजींच्या नावानं. यंदा मला तुमच्या नावानं भरायची होती. मातीची नवी घागर आणली. कोणतं पाणी भरायचं याचा विचार करावा लागला नाही. पहाटे नळ आला, तेच गाळून भरलं. वर आंबा ठेवला, पूजा झाली. तुमच्या दिरांनी पाणी सोडताना तुमचं नाव घेतलं आणि पळीभर पाणी जास्तच सोडलं. दिनेशनं फोनवरूनच नमस्कार केला, मंग विचारलं, "काकू, वेल?"

वेल फाटकाच्या वर गेलाय, अक्का. वरच्या गजाला एक कारलं मी राखून ठेवलं होतं, कुणाला हात लावू दिला नाही. काल ते केशरी झालं, आज दुपारी उकललं. आत लाल बी, ओळीनं. काढलं, धुतलं, राखेत घोळलं. तुमचा डबा पुन्हा भरायला लागला. निम्मं पुढच्या साली लावीन, निम्मं नसीमभाभींच्या हवाली करीन, त्यांच्या फाटकाला. डब्यात कुजवत ठेवणार नाही.

संध्याकाळी घागर उचलली. एवढं पाणी, आणि तुमच्या नावाचं. मोरीत थोडंच ओतणार! फाटकाशी नेलं आणि वेलाच्या मुळाशी हळूहळू सोडलं, काडातून माती भिजेपर्यंत. तळाशी ओंजळभर राहिलं. ते घेऊन कढीपत्त्याच्या कुंडीपाशी आले. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानंच बोलले.

"अक्का, तुमच्या नावानं वाढल."